कच्चा डाख

फळी जेवणाच्या टेबलाची होती.
पाहुणे आले की मधोमध जोडायची ती जास्तीची,
ओकची, एरवी कपाटामागे उभी.
चव्वेचाळीसच्या शरदानंतर
तिच्यावर ताट पडलं नव्हतं.
इल्गवार्सनं विचारलं, "आई, ही घेऊ?"
आई बटाटे सोलत म्हणाली,
"कोण येणार आहे आता."

लिएपायात, बंदराकडे पाठ केलेल्या इमारतीत,
चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात
असा सुरू झाला गिटारीचा कारभार.
दिवसा तो गोदीत जहाजं सांधायचा.
रात्री रंधा.
भुसा लोण्याच्या भांड्यात, भुसा माझ्या अंथरुणात.
मान एका मोडक्या घसरगाडीच्या मॅपलची,
पडदे वेल्डिंगच्या पितळी सळया ठोकून.
हिशेब गोदीतल्या म्हाताऱ्या सुतारानं दिलेला:
उरल्या लांबीचे अठरा भाग कर,
एक टाक, तिथे पडदा.
पुन्हा उरल्याचे अठरा, पुन्हा एक टाक.
"म्हणजे शेवट येतच नाही?" मी विचारलं.
"लाकूड संपतं," तो म्हणाला.

माझ्याकडे गिटारीचे कान आले.
मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, दुरुस्तीला.
बाद रिसिव्हरांतली लोहचुंबकं
लोकरी मोज्यात घालून आणली, सहा.
पहारेकऱ्यापुढून जाताना
ती एकमेकांना बिलगून टक् वाजली.
पहारेकरी सिगारेट शोधत होता.

वेढे द्यायला शिवणयंत्र.
केसाहून बारीक तार बोटांच्या चिमटीत,
ताण वाढला की तुटते, घटला की लोळते.
मी मोजत होते.
सहा हजार आठशेपर्यंत नक्की.
मग आईनं विचारलं, चहा घेणार?
आणि मी हो म्हणाले.

ॲम्प्लिफायर बसला खारवलेल्या माशांच्या खोक्यात.
व्हॉल्व्ह जुन्या रेडिओचे.
ट्रान्सफॉर्मर कुठला, त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
व्हॉल्व्ह तापले तशी
फळ्याफळ्यांतली मासळी जागी झाली.
शेजारच्या झेल्माबाईंनी भिंत ठोकली:
"रात्री अकराला काय तळताय?"

पहिली तार छेडण्याआधीच
खोका बोलला.
घुमघुम, खरखर, आणि त्याच्या तळाशी
एक पुरुष, सावकाश, स्वीडिशमध्ये:
गॉटलंड. वायव्येचा वारा. सात, मग आठ.

इल्गवार्स वैतागला.
"कानांना कवच नाही. वाटेल ते ऐकतायत.
उद्या तांब्याचा पत्रा लावतो."
आईच्या हातातली सुरी थांबली होती.
स्वीडिश तिला येत नव्हतं, वारा येत होता.
नवरा बोटीतून गेला की
बाईला तेवढी भाषा येते.
"आठ," ती म्हणाली, कोणालाच नाही.
"आज निघायचे नाहीत ते."

पत्रा लागला.
फेब्रुवारीत मच्छीमारांच्या क्लबात ती गिटार वाजली.
बाराव्या पडद्यापुढे किंचित बेसूर;
अठराचा हिशेब जरासा चुकतो, हे पुढे कळलं.
पोरं ओले बूट आपटत नाचली.
मी मागे उभी राहून बघत होते:
भावाच्या गळ्यात आमचं टेबल.

एक सांगायचं राहिलं.
पत्र्याची तार जोडायचं काम माझं होतं.
डाख मी दिला. कच्चा.
वरून गोल, आतून सुटा.
अंगठ्यानं ढकलला की उघडायचा,
पुन्हा ढकलला की बसायचा.
कुठे ढकलायचं ते आईला दाखवून ठेवलं.

इल्गवार्सला रात्रपाळी असली की
ती गिटार मांडीवर आडवी घ्यायची,
तारांना न शिवता.
खोका तापेपर्यंत कांदा चिरायची.
आधी मासळीचा वास, मग घुमघुम,
मग तो माणूस.

माझ्या वहीत नोंद अजून आहे:
वेढे — सहा हजार आठशे,
आणि चहा.