वीस दशांश तीन

पाचला शाळा सुटली की सातवीची खोली आमची.
फळ्यावर दुपारचे समास तसेच,
खिडकीच्या तीन गजांना तीन लंबक.
गोळे म्हणजे उद्यमनगरातले नट.
आयान बारगीरनं मामाच्या लेथवरून आणलेले,
तेलाचा वास अजून गेलेला नाही.

मी दिवसभर फौंड्रीत वाळू तपासते.
ओलावा किती, ताकद किती,
रजिस्टरात आकडा, खाली सही.
मंगळवारी आणि शुक्रवारी इथं.

एक मीटर लांबी, दहा झोके.
वीस सेकंद यायला पाहिजेत.
समरजितला तालमीला जायचं होतं,
त्यानं एकदाच मोजलं, पाच वेळा लिहिलं.
आयानचंही वीस. कुणाचं बघून, ते कळतं मला.
प्रांजल सातपुतेच्या वहीत मात्र
वीस.
वीस दशांश एक.
वीस दशांश दोन.
पुन्हा दोन.
वीस दशांश तीन.

"बटण उशिरा दाबतेस," मी म्हणाले.
"नाही ओ मॅडम."
"मग झोके चुकतायत."
"परत मोजू? मी थांबतो की."
थांबतो, जातो, येतो,
आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात.
बाहेरगावचे मास्तर दुरुस्त करत बसतात.

बारावीच्या प्रात्यक्षिकात मी
गोळ्याला हातही न लावता
पाची रकान्यांत वीस लिहिलं होतं.
पैकीच्या पैकी मिळाले.

ती टेप घेऊन बाकावर चढली.
दोरा सापडला नाही म्हणून तिनं
सुभाषनगरातून, घरातूनच, चपलेची वादी आणली होती,
भिजवलेली, पुरती न वाळलेली.
"एक मीटर तीन सेंटीमीटर," वरूनच म्हणाली,
"वादी ताणतेय मॅडम. नट ओढतोय तिला."
आणि मग, आपल्याशीच:
"पप्पा म्हणतात, नवी चप्पल
आठ दिवसांनी पाय ओळखते."

तिच्या वहीत मी पेन्सिलीनं 'चूक' लिहून ठेवलं होतं.
खोडलं. कागद थोडा फाटला.

"उद्या चार येईल का? का थांबेल कुठंतरी?"
मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

दारात मुरारबा शिपाई किल्ल्या वाजवत उभे.
"एकदाच, काका," ती म्हणाली, आणि नट सोडला.
मुरारबा उंबऱ्यावर टेकले,
आमच्याबरोबर मोठ्यानं मोजू लागले,
सहाव्या झोक्याला चुकले,
आणि आम्हाला पहिल्यापासून सुरुवात करायला लावली.