दोष आढळला

कॉलरबोनखाली काड्यापेटीएवढी डबी.
तिची बॅटरी दहा वर्षं चालेल.
माझं टेबल तीन आठवडेही टिकलं नाही.

डर्बीत अठरा वर्षं
मी रेल्वेच्या डब्यांचे सांधे तपासले;
केसाएवढी चीरही बोटांना कळते.

डॉक्टरांचं पत्र : वेल्डिंगपासून दोन हात लांब, बास.
ग्रॅहमने घडीसुद्धा उलगडली नाही.
‘काळजीपोटीच, सुचेता,’
आणि मला स्टोअरमध्ये हातमोजे मोजायला बसवलं,
तासाला दोन पौंड कमी.

कँटीनमध्ये शेजारची खुर्ची रिकामी.
झटका लागेल म्हणे.
फक्त मॉरीन येते,
माझंच बिस्किट माझ्याच चहात बुडवून खाते.

रात्री तक्रारीचा फॉर्म भरला,
हाताला सवय रिपोर्टचीच :
दोष आढळला.
ठिकाण – ‘काळजी’ हा शब्द.
खोली अजून मोजायची आहे.