अकरा ते पाच

पहिल्या रात्री इनासमामाने स्टिअरिंगला हात लावू दिला नाही.
बांबू दिला.
टोकाला लाल फडकं, लोडपेक्षा एक वीत उंच.
म्हणाला, चाल पुढे. हा अडकला की ओरड.

मागे ट्रान्सफॉर्मर, एकशेचाळीस टन,
इंदिरा डॉकच्या गेटातून निघालेला,
शहाण्णव चाकं, आणि वेग माझ्या चपलांइतका.

परमिट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी मामाच्या बनियनमध्ये.
आरटीओचा शिक्का, ट्रॅफिकवाल्यांचा शिक्का,
पुलाच्या इंजिनिअरची हिरवी सही,
रात्री अकरा ते पहाटे पाच.
गेटावर त्याने मला ते मोठ्याने वाचायला लावलं,
शाळेत धडा वाचतात तसं, वळणासकट.

वडाळ्याला पादचारी पूल.
कागदावर उंची भरपूर.
बांबू लागला. टक्.
एक पाऊल सरकून पुन्हा धरला. टक्.
मागच्या महिन्यात इथे नवं डांबर पडलं होतं,
ते कागदाला कुणी कळवलं नव्हतं.

मामा उतरला, शिवी पुटपुटला,
अ‍ॅक्सलशी उकिडवा बसून वॉल्व्ह सोडू लागला.
म्हैस बसते तसा लोड बसला,
आधी पुढून, मग मागून, उसासा टाकत.
वर चार बोटं उरली.
मी माझी बोटं मोजत पुलाखालून चाललो,
मान आत ओढून. का, कुणास ठाऊक.

चीता कॅम्पच्या तोंडाशी वायरी.
लाइनमनने गल्लीची वीज काढली,
आणि अंधारात एकेक दार उघडत गेलं.
एक बाई, खांद्यावर पोर, हातात पुठ्ठा,
"हे काय आहे?"
मी म्हटलं, विजेचंच आहे.
"मग आमची का घालवली?"
मी मामाकडे पाहिलं. मामा वायरीकडे.
"दहा मिनिटं, ताई," तो म्हणाला.
पाऊण तास लागला.
ती तिथेच उभी राहून पोराला वारा घालत होती,
मधूनच एखादी झुळूक माझ्याकडेही यायची.

पाचला पाच कमी. प्लांटचं गेट समोर दिसतंय,
दिव्यांसकट, वॉचमनसकट.
"मामा, एवढंच तर आहे."
त्याने गाडी कडेला घेतली,
चाकांना ठोकळे लावायला मला पाठवलं.
एवढंच, म्हणाला, कागदावर नाही.

दिवसभर खाली सावलीत पडून राहिलो.
पोरं आली, चाकं मोजू लागली.
चौऱ्याण्णव, म्हणाला एक.
दुसरा भांडला, सत्त्याण्णव.
मी बांबू उशाशी ठेवून
पडल्या पडल्या
पहिल्यापासून मोजायला घेतली.