डावा बर्नर

आठवडाभर डावा बर्नर पिवळा जळत होता.
पातेल्यांच्या बुडाला काजळी, दुधाला धुरकट वास,
आणि बंद करताना आतून फट्ट,
अंधारात कुणी चुटकी वाजवावी तसा.

शेगडीचं नाव सुप्रभा.
घासून घासून सु गेलाय केव्हाच,
आता नुसती प्रभा, तीही पिवळी.

पुण्याहून सुहृद म्हणाला, टाकून दे, काचेची घे.
म्हटलं, त्या काचेवर तांबड्या रश्शाचा
वीस माणसांचा टोप चढवून दाखव,
मग घेते.

आधी साबणाचा फेस लावला,
नळीच्या दोन्ही टोकांना, कॉकच्या मानेला.
एक बुडबुडा नाही.
मग उजव्याचं टोपण डाव्यावर, डाव्याचं उजव्यावर.
पिवळेपणा जागचा हलला नाही.
म्हणजे दोष वर नाही. खाली कुठंतरी.

जेट काढून रुमालाच्या गाठीत बांधलं
आणि पापाच्या तिकटीला गेले.
दुकानदारानं तळहातावर तीन जेटं मांडली,
हरभऱ्याएवढी, पितळी, नवीकोरी.
एकाचेही आटे जुळेनात.
"कंपनीच उरली न्हाई वैनी, जेट कुठलं उरतंय?"
असं म्हणून त्यानं मला काचेची शेगडी दाखवली.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्री लेथवर वाकलेले.
पत्र्याच्या छपरात तापल्या लोखंडाचा, ऑईलचा वास.
माझं ऐकून घेईपर्यंत त्यांनी मशीन बंद केलं नाही,
म्हणून सगळं दोनदा सांगावं लागलं.
मग जेट ट्यूबलाईटसमोर धरलं, एक डोळा मिटला.
केसाएवढ्या भोकातून उजेडाचा ठिपका.

"हे चांगलं हाय की.
इतक्या वर्षांत कुणी टाचणी खुपसली न्हाई ह्यात,
न्हाईतर भोक कधीच फाकलं असतं."

मग पिवळं का जळतंय?

"जाळाला गॅस लागतो वाटीभर
आन् वारं पाटीभर.
वारं कुठनं घेतंय, बघितलं का?"
आणि थोड्या वेळानं, हात पुसत,
"मधी कधी बंद होती का शेगडी?"

होती की.
गडहिंग्लजला, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
बावीस दिवस.

"मग कुणीतरी घर केलं असंल."
एवढंच म्हणाले, आणि मी मागितलं नसताना
त्याच आट्यांचं एक जेट कातून दिलं.
"ऱ्हाऊ दे. पुढं लागंल."
चाळीस रुपये.

घरी आल्यावर जुन्या पेपरवर शेगडी पालथी घातली.
इतकी वर्षं रोज पुसते मी हिला,
पण हिचं पोट कधी पाहिलं नव्हतं.
बर्नरखालच्या बिडाच्या नळीत
सायकलची तार घातली, हलकेच फिरवली.

माती पडली.

ओटा, फरशी, सिंक, सगळीकडे फरश्याच फरश्या,
तिसऱ्या मजल्यावर ही माती कुणी आणली?
बोटांत धरून पाहिली, तेव्हा कळलं.
कुंभारीण माशी. खिडकीतून आली असणार,
एकेक गोळी तोंडात धरून,
पंचगंगेकडची की शेजारच्या कुंडीतली, कोण जाणे.
तीन खोल्या बांधल्या होत्या तिनं.
दोन फुटलेल्या, आत अळ्यांची वाळकी सालं.
तिसरी अजून बंद,
माझ्याच आचेवर विटेसारखी पक्की भाजलेली.
ती मी फोडली नाही.

जेट बसवलं, जुनंच.
काडी लावली.
निळा जाळ, दातेरी, बुटका, फुरफुरणारा.
त्यावर चहा टाकला, आणि
उतू जाईपर्यंत बघत उभी राहिले.

नवं जेट मोहरीच्या डब्यात असतं,
फोडणीच्या घाईत कधी चमच्यात येतं.

आता गावाला निघताना
नळीत चिंधी कोंबते,
आणि खिडकीच्या गजाला
बांबूचं एक रिकामं नळकांडं बांधून ठेवते.
भाडं नाही. अट एकच,
वाऱ्याच्या वाटेत घर बांधायचं नाही.