दोन काड्यांची फट

माझगावात, टेकडीच्या पायथ्याशी,
इसाक परकारच्या शेडमध्ये
माझी डुक्कर फियाट चार महिने उघडीबोडकी उभी आहे.
'माझी' म्हणायची अजून सवय नाही.
प्रेस बंद पडला तेव्हा वागळेशेठांनी
थकलेल्या एकोणीस पगारांच्या बदल्यात
किल्ली ठेवली तळहातावर.
गाडी तेव्हाही चालत नव्हती.

परकार आधी दारं टांगतो,
मग खालचा सडका उंबरठा कापून नवा वेल्ड करतो.
"उलटं केलं तर पत्रा आखडतो.
मग दार कोणाच्या बापाला बसायचं नाय."
या गाडीची पुढची नि मागची दारं
मधल्या एकाच खांबाला धरून.
दोन्ही उघडली की समोरासमोर येतात
एकाच जिन्यावरच्या भांडकुदळ शेजारणींसारखी,
आणि खांब केसभर कलला
तर चारी कडांना बातमी लागते.

मोजायला त्याच्याकडे काड्यापेटी.
दोन काड्या, अंगाला अंग लावून,
फटीतून वरून खाली सरकवत नेतो.
अडकल्या तर दार चढलंय,
गळून पडल्या तर लोंबलंय.
मग लाकडाचा ठोकळा, वर हातोडीचा एक हलका घाव,
आणि पुन्हा काड्या.

मी जुळारी. एकतीस वर्षं गिरगावात खिळे जुळवले.
ओळ आखूड पडली तर उरलेली जागा
शब्दाशब्दांत थोडी थोडी वाटायची,
वाचणाऱ्याला पत्ता लागू न देता.
हे परकारला सांगितलं, जरा ऐटीत.
तो म्हणाला, "कागद गरीब. पत्रा चुगलखोर."
आणि ट्यूबलाइट उचलून दारांसमोर आडवी धरली.
उजेडाची रेघ बॉनेटपासून निघाली,
पुढच्या दारावरून सरळ गेली,
मागच्या दारापाशी ठेचकाळली.

एकदा कंटाळून म्हटलं,
"लांबी भरा हो कडेला. रंगाखाली कोण बघतंय?"
त्याने पाना खाली ठेवला.
चहा मागवला, एकच.

काल वरची बिजागरी सोडली
तेव्हा मागून एक करडी पट्टी पडली.
नख लावलं तर ओरखडा उठला.
"शिसं! कुठल्या गाढवाने शिसं घातलं?
दबतं ते, म्हणून दार लोंबलं."
मी पट्टी उजेडात धरली.
दोन पॉइंटची लेड. दोन ओळींमध्ये घालतात ती.
एका टोकाला माझ्याच कातरीचा तिरका काप.

शेठांचा ड्रायव्हर, भिवा चाळके,
भर दुपारी केसपाशी येऊन कुजबुजला होता:
"पातळसं कायतरी दे रे. दार कुरकुरतंय,
आत बसलं की शेठ माझ्यावर कुरकुरतात."
मी जुळवलेल्या पानातूनच काढून दिली.
त्या साली आमच्या पंचांगात
कुठल्या तरी एका तिथीला
दोन ओळी जरा दाटीने उभ्या असतील.
गाढव कोण ते मी परकारला सांगितलं नाही.
पट्टी खिशात टाकली.
तिच्या जागी त्याने पोलादाची घातली.

घरी बायको विचारते, किती झाले.
बिल्डरने चाळीचं आगाऊ भाडं दिलंय,
त्यातले किती, असं तिला म्हणायचं असतं.
मी सांगतो, मागचं उजवं राहिलंय फक्त.

आज सगळं जुळलं.
काड्या चारी दारांना सरसर फिरल्या.
मग दुपारी इंजिन चढवलं
आणि गाडी नाकाने बोटभर खाली बसली.
दोन्ही पुढची दारं गेली.
मी ठोकळ्यावर बसकण मारली.
परकार मात्र हसत होता.
"हे होणारच होतं, भाऊ.
हलकं असताना कोणाचंही जुळतं."

आता तो बिजागरीत पाना घालून वाकलाय,
मी गुडघ्यावर दार तोलून धरलंय, खांदा काचेच्या चौकटीला.
"वर. अजून. काडीभर खाली.
हां. आता श्वास सोडू नका."