पुरावा क्रमांक तीन

तिसऱ्या मजल्यावर, रिगात, माझं टेबल.
खिडकीखाली दाउगावा गोठलेली,
बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेले म्हातारे.
मी पैसे उलटवतो. हेच माझं काम.
कुणी म्हणतं, हा खर्च माझा नव्हे,
मी कारणाचा आकडा टाकतो
आणि पैसे आल्या वाटेने परत निघतात
आपल्या पावलांचे ठसे पुसत.

प्रकरण लिएपायाचं. दाग्निया, वय एकतीस.
दिवसा माशांच्या कारखान्यात डब्यांना झाकणं,
रात्री कॅमेऱ्यासमोर खेळातला ट्रक,
बर्फातला न संपणारा रस्ता,
आणि ज्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही
असे चाळीसेक जण शेजारच्या सीटवर.

अकरा देणग्या. एक हजार नऊशे चाळीस युरो.
देणाऱ्याचं नाव उत्तरवारा.
साठाव्या दिवशी अकराच्या अकरा नाकबूल.
प्रत्येकीमागे वीस युरो दंड, तोही तिलाच.
(देणाऱ्याला दंड नसतो. तसा रकानाच नाही.)

रकाना आहे तो असा:
माल पोहोचल्याचा पुरावा.
तिने तीन जोडले.
एक, ट्रकच्या मागच्या दारावर पिवळ्या रंगात त्याचं नाव.
दोन, बेचाळीस रात्रींची यादी, रोज सुरुवातीला तेच:
"आलास, उत्तरवाऱ्या? पट्टा लाव."
तीन, स्वतःचं रडणं.

चार मिनिटं अकरा सेकंद.
आवाज बंद करून पाहिलं, शेजारी गुंटार्स जेवत होता,
बीटाचं लाल सूप, आणि विचारत होता, कोण मेलं?
पडद्यावर पाचशेचा आकडा उगवतो,
ट्रक कठड्याला घासतो,
ती हात तोंडावर धरते.
हसतानाही धरते. वरचा पुढचा एक नाही.
धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात.
मी मोजले.
शेवटच्या चित्रफितीत हात खाली आहे
आणि दात पुरे.

आता तो दात कुठल्या आकड्याने उलटवू?

दान देताना हातावरून पाणी सोडायचं,
म्हणजे मागे वळून बघायचं नाही.
इथे देणारा वळला,
आणि पाणी सोडायची पाळी घेणारीवर आली.
तिने रात्रपाळी सोडली होती. पुन्हा मागितली.
मिळाली, पण शीतघरात.

मी शिव्या घालणारच होतो त्या वाऱ्याला.
मग दुसरी फाइल उघडली.
वाल्मिएराची एक परिचारिका, कार्ड तिचं.
लिहिते: मुलगा चौदा वर्षांचा, राइटिस.
बाप गेल्यापासून झोपत नाही.
कार्डाचा नंबर त्याला पाठ आहे हे मला माहीत नव्हतं.
भाडं थकलंय. मला कुणाला लुबाडायचं नाही.
तिनेही पुरावा जोडला होता, न मागता:
वहीचं पान, त्यावर पेन्सिलीने काढलेला ट्रक,
दारावर काही नाव नाही.

नियमाने कार्डवाली जिंकते.
मी आकडा टाकला. अकरा वेळा.
गुंटार्स म्हणाला, एकदम निवडून टाक की, वेळ वाचतो.
मी एकेक टाकला.

घरी आता मीही जागतो.
तिने देणगीचं बटण काढलंय.
तो रडण्याचा तुकडा कुणी कापून पसरवलाय,
लोक येतात, खोटे आकडे लिहितात,
दहा हजार, लाख,
रड ना, म्हणतात, आणि जातात.
ती समोर बघत गिअर बदलते.
पिवळं नाव खरवडलेलं, पण कोपऱ्यात
एक अक्षर राहिलंय, किंवा राहू दिलंय.

काल तीन वाजता कुणी एक शिरलं,
नाव नाही, नुसता आकडा.
लिहिलं: मी जागा आहे.
बराच वेळ ती काही बोलली नाही,
खेळातला बर्फ काचेवर पडत राहिला.
मग हात तोंडाशी नेत
म्हणाली, पट्टा लाव.