माग विकल्यावर

माग विकले, किलोवर.
चारही. काट्यावर चढवताना टेम्पोवाला
हमालांना "साकु, साकु" म्हणाला,
आणि घरात जे उरलं
त्याला मी आधी शांतता समजले.

तीस वर्षं शिव्या दिल्या त्या खडखडाटाला.
डावा कान त्यानेच खाल्ला.
आता रात्री दोनला उठून बसते,
उजवा कान भिंतीला लावते,
गंगव्वाकडचे तरी चालू आहेत का बघते.
तिचेही जूनमध्ये गेले.
वडगावात आता कुत्री भुंकलेली ऐकू येतात.

कॅम्पातल्या ऑटिलिया मिसकडे
पडदे शिवून द्यायला गेले होते.
म्हातारी एकटीच. पियानोवर औषधांच्या बाटल्या.
"बस गे, चहा होईतोवर हे ऐक."
रेकॉर्डच्या कव्हरावर एक बाई,
ड्रमच्या मागे, चपला काढून बसलेली,
नावावर चहाचा जुना डाग.
"जॅझ म्हणतात. कळायला पाहिजेच असं नाही."

आधी नुसतं सूप पाखडल्यासारखं.
मग घागर भरत आली की बोलते
तसं कुणीतरी खालून बोलू लागलं.
"तीही बाईच," मिस आतून ओरडली,
"आणि ट्रम्पेटवालीपण!"
ट्रम्पेटच्या आधी तिने घेतलेला श्वास
माझ्या उजव्या कानात लख्ख पडला,
पाण्याची कळशी घेऊन जिना चढलेल्या बाईचा.

मग ड्रमवालीचा ठोका चुकला.
मी उठलेच, हात पुढे.
आमच्यात ठोका चुकला म्हणजे धागा तुटला,
माग थांबवा, वाका, थुंकी लावून गाठ मारा,
सावकार डाग दाखवून मजुरी कापणार.
हिने मुद्दाम चुकवला होता.
त्या रिकाम्या जागेत बाकीच्या जरा थांबल्या,
कुणी रागावलं नाही,
आणि ती हसत परत आली.
हसू रेकॉर्डात आलंय, खरंच,
मिसने सुई मागे नेऊन दोनदा ऐकवलं.

रडले का? नाही.
पडद्यांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकलं
आणि गाढ झोपले,
दुसऱ्याच्या घरी, भर दुपारी.

मिसच्या भाच्याने सगळं फोनात भरून दिलंय.
रात्री फोन पितळी तांब्यात ठेवते,
आवाज मोठा होतो.
"काय लावलीस गे हे? माग चालू केलीस काय?"
"होय. झोपा."

काल अंधारात
कॉटच्या पट्टीवर त्यांचं बोट ठोका धरत होतं,
आणि चुकलं.
मी गाठ मारायला उठले नाही.